कला, उत्सव आणि अपंगांचा हक्क

मनुष्य समाजांत राहतो म्हणजे काय करतो, या प्रश्नाचें उत्तर अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन शब्दांत संपत नाहीं. तो आरतीला उभा राहतो, भजनांत टाळ धरतो, नाटकाचें तिकीट काढतो, शेजाऱ्याच्या मुलीच्या गाण्याला मान डोलावतो, आणि गणपतीच्या वर्गणीवरून चार माणसांशीं वादहि घालतो. अशा लहानसहान गोष्टींनींच तो त्या गांवाचा होतो. ज्याला या गोष्टींत वाटा नाहीं, त्याचें नांव मतदारांच्या यादींत असलें तरी तो गांवांत पाहुण्यासारखाच राहतो. अपंगांच्या हक्कांचा विचार करतांना शिक्षण, नोकरी आणि निवृत्तिवेतन यांच्याबरोबरच कला, उत्सव आणि सार्वजनिक समारंभ यांचा विचार कां करावा लागतो, त्याचें मर्म यांत आहे.

उदाहरणादाखल पनवेल तालुक्यांतील नावडे हें गांव घ्यावें. दिवा-पनवेल लोहमार्गावर नावडे रोड नांवाचें स्थानक आहे. जवळच तळोज्याची औद्योगिक वसाहत, आणि जुन्या गांवठाणाला लागून सिडकोनें आंखलेली नवी वस्ती. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, आणि नावडे तिच्या हद्दींत आलें. अशा ठिकाणीं दोन तऱ्हांचें सार्वजनिक जीवन शेजारीं शेजारीं नांदतें. गांवठाणांत देवळापुढची पालखी आणि भजन. नव्या इमारतींत सोसायटीचें स्नेहसंमेलन आणि सार्वजनिक गणेशोत्सव. दोन्हीकडे मंडप पडतो, व्यासपीठ उभें राहतें, कर्णे लागतात, मुलांचीं नाचगाणीं होतात. त्या व्यासपीठाला चार उंच पायऱ्या असल्या, कीं चाकाच्या खुर्चींत बसणाऱ्या मुलाचा प्रश्न तेथेंच निकालांत निघतो. त्याला कोणी नको म्हटलेलें नसतें. पायऱ्यांनींच तें काम केलेलें असतें.

हा प्रश्न मूठभर माणसांचा आहे असेंहि नाहीं. २०११ च्या जनगणनेंत भारतांत २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकीं २९ लक्ष ६३ हजार महाराष्ट्रांतल्या होत्या. म्हणजे राज्यांतील दर शंभर माणसांत अडीचांहून अधिक. ही मोजणी जुन्या, आठ प्रकारांच्या हिशेबानें झाली होती. पुढें २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले, तेव्हां ही संख्या आतां कमी भरण्याचा संभव नाहीं. शिवाय म्हातारपणीं दृष्टि मंदावते, कान जड होतात, गुडघे दुखूं लागतात. आज तरुण असलेल्या कुटुंबालाहि हा प्रश्न कधींना कधीं आपल्या दारांत उभा राहिलेला दिसणारच आहे.

आतां हक्क म्हणजे काय तें पाहूं. अपंगाविषयीं समाजाची जुनी वृत्ति दयेची होती. दया वाईट नव्हे. पण दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि घेणाऱ्याला नेहमीं आभाराच्या ओझ्याखालीं ठेवते. हक्क मागतांना मान खालीं घालावी लागत नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं १९९२ पासून ३ डिसेंबर हा अपंग व्यक्तींचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळण्यास आरंभ केला. १३ डिसेंबर २००६ रोजीं अपंगांच्या हक्कांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला, आणि १ ऑक्टोबर २००७ रोजीं भारतानें त्याला मान्यता दिली. या कराराचें तिसावें कलम सांस्कृतिक जीवन, करमणूक आणि खेळ यांत इतरांच्या बरोबरीनें भाग घेण्याचा हक्क सांगतें. त्या कलमांत एक फार महत्त्वाचा विचार आहे. अपंग व्यक्तीच्या कलागुणांचा विकास केवळ तिच्या स्वतःच्या सुखासाठीं नव्हे, तर समाज समृद्ध व्हावा म्हणूनहि झाला पाहिजे, असें तें म्हणतें. म्हणजे तिला वगळण्यांत नुकसान तिचें एकटीचें नाहीं. तें सर्वांचें आहे.

याच कराराला अनुसरून आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा झाला, आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलांत आला. ‘दिव्यांग’ हा शब्द आतां सरकारी व्यवहारांत रूढ झाला आहे. तो कांहींना आदराचा वाटतो, तर ‘आमच्या अंगीं दिव्यत्व कल्पूं नका, साधी वाट मोकळी करा’ असें चळवळींतील अनेकांचें म्हणणें आहे. शब्दाचा वाद बाजूस ठेवून कायद्याचें एकोणतिसावें कलम पाहावें. सरकारनें आणि स्थानिक संस्थांनीं काय करावें, हें त्यांत सांगितलें आहे. अपंग कलावंतांना व लेखकांना साहाय्य द्यावें. अपंगांचा इतिहास सांगणारें संग्रहालय उभारावें. कला त्यांच्या आटोक्यांत आणावी. नृत्य, चित्रकला, बालवीरांचीं शिबिरें आणि साहसाचे खेळ यांत त्यांना सामील करून घ्यावें. कलाविषयांचे अभ्यासक्रम त्यांना शिकतां येतील असे नव्यानें आंखावे. आणि ज्यांना ऐकूं येत नाहीं त्यांच्यासाठीं दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत खुणांच्या भाषेची किंवा उपशीर्षकांची सोय करावी. ‘स्थानिक संस्था’ हे दोन शब्द येथें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. कलेचा हक्क दिल्लीच्या दरबारांतला नव्हे. तो नगरपालिकेच्या सभागृहांतला आणि वॉर्डांतल्या मंडपांतलाहि आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासांत या विषयाचीं मुळें खोल गेलेलीं आढळतात. विदर्भांतले संत गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) नऊ महिन्यांचे असतांना दृष्टीला मुकले. परंतु त्यांनीं विपुल ग्रंथरचना केली आणि ते प्रज्ञाचक्षु म्हणून मान्यता पावले. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या डोळ्यांना बालपणीं फटाक्यामुळें इजा झाली. शाळेचें शिक्षण अवघड झालें म्हणून त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणें शिकण्यास ठेवण्यांत आलें. पुढें त्यांनींच १९०१ मध्यें लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि घराण्यांच्या देवडींत अडकलेली विद्या सामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत आणली. त्यांच्या परंपरेंत चालणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची एक वास्तु आज वाशींत, म्हणजे नावड्यापासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं, उभी आहे.

परंतु या थोर उदाहरणांत एक धोका आहे. असामान्य बुद्धीच्या एका माणसाला समाज डोक्यावर घेतो, आणि त्याच्याकडे बोट दाखवून साध्या माणसाला म्हणतो, ‘तूंहि असें कांहीं करून दाखव.’ डोळस मुलाला कोणी असें विचारीत नाहीं. तो बेसूर गायला तरी संमेलनांत त्याला जागा मिळते, टाळ्याहि मिळतात. अपंग मुलाला मात्र जागा मिळविण्यासाठीं आधीं चमत्कार करून दाखवावा लागतो. हक्काची खरी कसोटी प्रतिभावंताला मिळणाऱ्या मानांत नसून सामान्याला मिळणाऱ्या जागेंत आहे.

ती जागा प्रथम शाळांनीं दिली. मुंबईंत ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनीं १९०० मध्यें अंधांची शाळा काढली. तीच पुढें दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. संगीत आणि हस्तव्यवसाय हीं अशा शाळांच्या शिक्षणाचीं मोठीं अंगें ठरलीं. मात्र त्या काळीं संगीताकडे पाहण्याची दृष्टि बहुधा उपजीविकेची होती. कलेकडे सन्मानाचें साधन म्हणून पाहणें पुढें आलें, आणि त्याचें एक ठळक उदाहरण वरोऱ्याजवळच्या आनंदवनांत दिसतें. बाबा आमटे यांनीं १९४९ मध्यें महारोगी सेवा समिती स्थापन केली. ज्या माणसांना गांवच्या जत्रेंत कोणी उभें करीत नव्हतें, त्यांनीं तेथें शेती केली, कारखाने चालविले, आणि स्वतःचे उत्सवहि उभे केले. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा तेथें निघाल्या. डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकारानें ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद झाला. त्यांत अंध, मूकबधिर, चालतां न येणारे आणि कुष्ठमुक्त कलावंत एकत्र कार्यक्रम करतात. आनंदवनाकडे लोक पूर्वीं मदत घेऊन जात. हा वाद्यवृंद उलट लोकांच्या गांवीं कला घेऊन जातो. देणारा आणि घेणारा यांच्या जागा येथें बदलल्या आहेत. नावड्याच्या माणसाला याची आठवण ठेवण्यासाठीं वरोऱ्यापर्यंत जावयास नको. पनवेल तालुक्यांतच नेरे येथें कुष्ठरोग निवारण समितीचें शांतिवन आहे. कुष्ठरोग्यांना अलग ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजी अमदानींतला कायदा रद्द होण्यास मात्र २०१६ साल उजाडावें लागलें, हेंहि विसरतां कामा नये.

रंगभूमीवरचें उदाहरण त्याहून बोलकें आहे. स्वागत थोरात यांनीं अंध कलावंतांना घेऊन नाटकें बसविलीं. कालिदासाच्या मेघदूताच्या कथेवर आधारलेल्या ‘अपूर्व मेघदूत’ या नाटकांत १९ अंध कलावंत होते. मेघदूत हें काव्य मुख्यतः डोळ्यांचें: पर्वत, नद्या, नगरें आणि मेघांचे रंग. तें ज्यांनीं कधीं पाहिलें नाहीं अशांनीं उभें करावें, यांत विरोधाभास वाटेल. पण रंगभूमी डोळ्यांवरच चालते ही आपली समजूत किती अपुरी आहे, हें अशा प्रयोगांत कळतें. अंध नट रंगमंचाचें माप पावलांनीं घेतो. सहकाऱ्याच्या आवाजावरून दिशा ठरवितो. अभिनयाची मुद्रा दुसऱ्याच्या हाताला हात लावून शिकतो. तालमी अधिक लागतात, इतकेंच. याच थोरातांनीं १५ फेब्रुवारी २००८ रोजीं ‘स्पर्शज्ञान’ हें ब्रेल लिपींतील मराठी पाक्षिक सुरू केलें. नाटक आणि वर्तमानपत्र या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून व्हाव्या, हा योगायोग नव्हे. जो वाचतो, जगाची वार्ता ज्याला कळते, त्यालाच रंगमंचावर उभें राहून जगाशीं बोलण्यासारखें कांहीं असतें.

उत्सवांत आणि आखाड्यांत हाच प्रयत्न दिसतो. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरांत उदय देशपांडे यांनीं दृष्टिहीन मुलामुलींना मल्लखांब शिकविला. त्यांना २०२४ मध्यें पद्मश्री मिळाली. मल्लखांबाचें ज्ञान अखेर त्वचेला आणि स्नायूंना होत असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांत नवल वाटेनासें होतें. मुंबईंत नयन फाउंडेशन या संस्थेनें दृष्टिहीन तरुणांचें गोविंदा पथक उभें केलें. खांद्यावर खांदा चढवून थर रचतांना ते स्पर्श आणि आवाज यांवर भिस्त ठेवतात. दहीहंडीच्या गर्दींत ज्यांना एरवीं कोणी ‘बाजूला उभे राहा’ म्हणून सांगितलें असतें, ते तिच्या मध्यभागीं येतात. यापेक्षां हक्काचें सोपें चित्र दुसरें कोणतें असूं शकेल?

मराठी भाषकांच्या शेजारांत, गोव्यांत, यापुढचें पाऊल पडलें. ६ ते ८ जानेवारी २०२३ या तीन दिवसांत पणजी येथें ‘पर्पल फेस्ट’ नांवाचा महोत्सव भरला. जांभळा रंग हा अलीकडे अपंगांच्या चळवळीचा रंग मानला जातो. त्यावरून हें नांव. गोव्याच्या अपंग आयुक्तांचें कार्यालय, समाजकल्याण खातें आणि एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा यांनीं मिळून तो योजिला होता. जानेवारी २०२४ मध्यें त्याला आंतरराष्ट्रीय रूप आलें, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें तो पुन्हां भरला. गाणें, नाच, चित्रपट, खेळ, साधनांचीं प्रदर्शनें आणि कायद्यावरील चर्चा हीं सर्व एकाच छत्राखालीं आलीं. त्याचें महत्त्व गर्दींत नाहीं. एरवीं अपंगांसाठीं भरणारे मेळावे साहित्यवाटपाचे असतात: रांग लागते, खुर्ची मिळते, छायाचित्र निघतें. येथें लोक कांहीं घेण्यासाठीं नव्हे, तर गाण्यासाठीं, पाहण्यासाठीं आणि वाद घालण्यासाठीं जमले. फेब्रुवारी २०२३ मध्यें मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलांत केंद्र सरकारचा ‘दिव्य कला मेळा’ झाला. त्यांत अपंग कारागिरांनीं आपला माल स्वतः मांडून विकला. कलेला टाळी मिळणें चांगलें. परंतु तिची किंमत मिळणें अधिक चांगलें. पुष्कळ समारंभांत इतर कलावंतांना मानधन आणि अपंग कलावंताला शाल-श्रीफळ असा भेद होतो. तो कौतुकाच्या वेषांतला अन्यायच आहे.

असा उत्सव प्रत्यक्षांत कसा साधतो, हेंहि समजून घ्यावें. पहिली गोष्ट उतरणीची. सर्वमान्य प्रमाण असें आहे कीं एक फूट उंची चढण्यास बारा फूट लांबीची उतरण असावी. व्यासपीठ तीन फूट उंच असेल तर उतरण छत्तीस फुटांची लागेल. गल्लींतल्या मंडपांत एवढी जागा कोठून आणणार? म्हणून तेथें दहा फुटांची फळी तिरपी टाकण्यांत येते. तिच्यावरून खुर्ची चढत नाहीं, आणि उतरतांना मात्र धांवते. याचा उपाय उतरण लांबविण्यांत नसून व्यासपीठ ठेंगणें करण्यांत आहे. एक फूट उंचीच्या व्यासपीठाला बारा फूट पुरतात, आणि त्याचा खर्चहि कमी येतो. नाट्यगृहांचेंहि असेंच. प्रेक्षकांच्या दारांत उतरण असली म्हणजे काम झालें असें समजतात. पण रंगपटांत आणि रंगमंचावर जाण्याची वाट कशी आहे, हें क्वचितच कोणी पाहतो. अपंग मनुष्य प्रेक्षक होईल एवढेंच त्या रचनेनें गृहीत धरलेलें असतें. तो नट होईल हें तिच्या स्वप्नांतहि नसतें.

दुसरी गोष्ट खुणांच्या भाषेची. ही भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचें व्याकरण आहे. दिल्लीस २०१५ मध्यें भारतीय सांकेतिक भाषेचें संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालें, आणि त्यानें दहा हजार शब्दांचा कोश सिद्ध केला. समारंभांत दुभाषा बोलवावयाचा तर त्याला वक्त्याच्या जवळ, उजेडांत आणि एकरंगी पडद्यापुढें उभें करावें लागतें. चमकदार दिव्यांच्या माळेपुढें उभ्या केलेल्या दुभाष्याचे हात दिसत नाहींत. तिसरी गोष्ट ध्वनिवर्णनाची. रंगमंचावर शांतता असतांना कोण आलें, कोण उठलें, कोणाचे डोळे भरून आले, हें अंध प्रेक्षकाच्या कानांत हलक्या आवाजांत सांगितलें जातें. नभोवाणीच्या श्रोत्यांना ही कला नवी नाहीं. नाटिकेंत दार वाजल्याचा आवाज काय काम करतो, हें त्यांना ठाऊकच आहे. चित्रपटगृहांत अशा सोयी असाव्या म्हणून केंद्र सरकारनें मार्च २०२४ मध्यें मार्गदर्शक नियमहि प्रसिद्ध केले.

सोयी झाल्या तरी एक गोष्ट उरते, आणि ती म्हणजे चित्रणाची. आपल्या प्रहसनांत तोतरा, बहिरा आणि लंगडा हीं हंशाचीं हुकमी साधनें होतीं, आणि पुराणांतली कुबडी मंथरा तर दुष्टपणाची खूण होऊन बसली. परंतु त्याच परंपरेंत अष्टावक्राची कथाहि आहे. जनकाच्या सभेंत त्याचें वाकडें शरीर पाहून पंडित हंसले, तेव्हां त्यानें त्यांना कातडें पाहणारे म्हटलें, आणि ज्ञानाच्या बळावर सभा जिंकली. हंसणें आणि हंसविणें यांतला हा भेद सर्वोच्च न्यायालयानेंहि ८ जुलै २०२४ रोजीं निपुण मल्होत्रा यांच्या प्रकरणांत स्पष्ट केला. अपंगत्वाचा अनुभव उलगडून दाखविणारा विनोद निराळा आणि अपंगाला तुच्छ करणारा विनोद निराळा, असें न्यायालयानें सांगितलें. आणि अपंगांचें चित्रण करतांना त्यांचा सल्ला घ्यावा, असेंहि सुचविलें. २०१४ मध्यें प्रदर्शित झालेल्या ‘यलो’ या मराठी चित्रपटांत डाऊन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळ या जलतरणपटूनें स्वतःचीच भूमिका केली. आपली गोष्ट आपण सांगणें यांतच पुष्कळसे प्रश्न सुटतात.

यावर एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. ‘आमच्या मंडपांत अपंग येतातच कोठें? मग हा खर्च कोणासाठीं?’ हा युक्तिवाद वर्तुळाकार आहे. सोय नाहीं म्हणून ते येत नाहींत, आणि ते येत नाहींत म्हणून सोय होत नाहीं. विहिरीला दोर न लावतां ‘येथें पाणी भरावयास कोणी येत नाहीं’ असें म्हणण्यासारखेंच हें आहे. पैशाचा प्रश्नहि वाटतो तितका बिकट नाहीं. महाराष्ट्रांत स्थानिक स्वराज्य संस्थांनीं आपल्या उत्पन्नाचा पांच टक्के भाग अपंगांच्या कल्याणासाठीं राखून ठेवावयाचा असतो, आणि डिसेंबर २०२२ मध्यें राज्यानें या कामासाठीं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागहि काढला. हा निधि केवळ साहित्यवाटपांत संपावा कीं त्यांतून एखादें सर्वांना खुलें रंगमंदिर, एखादा दुभाषा, एखादी वार्षिक नाट्यस्पर्धाहि निघावी, हें नागरिकांनीं विचारलें पाहिजे. नावड्याजवळच खारघर येथें बौद्धिक अपंगत्वाच्या क्षेत्रांत काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचें प्रादेशिक केंद्र आहे. तज्ज्ञांचा सल्ला दूर शोधण्याची गरज नाहीं.

परंतु सर्वांत आधीं करावयाची गोष्ट बिनखर्चाची आहे. उत्सवाची समिती नेमतांना वस्तींतील एक अपंग स्त्री किंवा पुरुष सभासद म्हणून घ्यावा; सत्कारासाठीं नव्हे, कामासाठीं. मंडप कोठें घालावा, दिवा कोठें असावा, आवाज किती असावा, हें त्याला विचारावें. कर्ण्यांचा प्रचंड आवाज स्वमग्न मुलाला किती असह्य होतो, हें त्याच्या आईला विचारल्यावांचून कळत नाहीं. आणि एक दुपार आवाज कमी ठेवली तर तिला मुलाला घेऊन दर्शनाला येतां येतें, हेंहि तीच सांगूं शकते. जगभरच्या अपंगांच्या चळवळीचें सूत्र हेंच आहे कीं त्यांच्याविषयींचा कोणताहि निर्णय त्यांच्यावांचून होऊं नये.

३ डिसेंबर वर्षांतून एकदां येतो. त्या दिवशीं भाषणें होतात, फुलें दिलीं जातात, आणि तें योग्यच आहे. पण हक्काची परीक्षा उरलेल्या तीनशें चौसष्ट दिवसांत होते. गणपतीच्या आरतीला पुढच्या रांगेंत चाकाची खुर्ची दिसावी आणि तिच्याकडे कोणी वळून पाहूं नये. नाटकांत अंध नट असावा आणि समीक्षकानें त्याच्या डोळ्यांविषयीं नव्हे, तर त्याच्या उच्चारांविषयीं लिहावें. बेसूर गाणाऱ्या अपंग मुलालाहि इतर मुलांइतक्याच टाळ्या मिळाव्या. ज्या गांवांत ही गोष्ट इतकी साधी होईल, त्या गांवांत कायदा पुस्तकांतून उतरून अंगणांत आला असें म्हणतां येईल.